सड्यावरची रेघ

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मालवणात उतरलेला पाहुणा पहिल्या तासाभरात तीन गोष्टी विचारतो. किल्ल्यावर जायची होडी कुठून सुटते, जेवण कुठे चांगलं मिळतं, आणि हल्ली तिसरा प्रश्न, पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात ते कुठे. पोस्टात माझी एकोणचाळीस वर्षं गेली. खिडकीपलीकडून मला लोकांनी काय काय विचारलं असेल, त्याची गणती नाही. पण 'सड्यावर कसं जायचं?' असं एकानेही कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तर खरं सांगतो, मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

सडा म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. समुद्राकडून आत यायला लागलं की नारळी-पोफळी संपतात, घाटी चढावी लागते, आणि वर आलं की एकदम सपाट, उघडाबोडका, काळसर तांबडा कातळ पसरलेला दिसतो. मैलभर, दोन मैल, कधी त्याहूनही जास्त. झाड नाही. मधूनच करवंदीची जाळी. मे महिन्यात दुपारी बाराला तिथे उभं राहिलात तर चपलेच्या तळातून चटका लागतो. आमच्या लहानपणी सड्याचे उपयोग ठरलेले होते. गुरं सोडायची, भात झोडायचं, गवत कापायचं, आणि पलीकडच्या गावात लग्नाला जायचं असेल तर आडवं पडून वाट वाचवायची. तिन्हीसांजेनंतर मात्र तिकडे फिरकायचं नाही, कारण देवचाराची फेरी असते. बाकी 'सड्यावर काय आहे?' याचं उत्तर एकच. काही नाही.

हे 'काही नाही' मला पहिल्यांदा दिसलं ते घरापासून काही हजार किलोमीटरवर, ऑस्ट्रेलियात. मुलगी आणि जावई अ‍ॅडलेडला असतात. २०१९च्या मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी ठरवलं की आईबाबांना उलुरू दाखवायचं. देशाच्या अगदी पोटात, ओसाड प्रदेशात उभा असलेला हा एकच एक प्रचंड खडक. अ‍ॅलिस स्प्रिंग्सपर्यंत विमान आणि तिथून पुढे साडेचारशे किलोमीटर गाडी. रस्त्यात गाव म्हणावं असं काही लागत नाही. लाल माती, खुरटी झुडपं, वर निळं आभाळ. तासभर मी गप्प बसून बघत होतो आणि मग तोंडून निघून गेलं, ''अगो, हो तर आपलो सडो!'' जावई हसला. पण मंडळींना पटलं होतं. त्या म्हणाल्या, ''फक्त करवंदा नाय हत.''

नंतर वाचलं तेव्हा कळलं की माझं म्हणणं अगदीच खुळ्यासारखं नव्हतं. दोन्हीकडचे दगड वेगळे, हे खरं. उलुरूचा खडक वालुकाश्माच्या जातीचा, आमचा जांभा. पण दोघांचा तांबडा रंग एकाच कारणाने आलेला आहे, तो म्हणजे गंज. उलुरूच्या दगडात लोहाचा अंश आहे, तो हवापाण्याने गंजला. आत गुहांमध्ये पाहिलं तर मूळचा करडा रंग अजून दिसतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं त्या पावसाने मूळ खडक कुजवला, त्यातली वाळूची द्रव्यं धुऊन नेली, आणि लोखंड नि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे उरलं. तेच उन्हात वाळून घट्ट झालं आणि त्याचा जांभा झाला. जमिनीत असताना तो नरम, कापता येईल असा. उघड्यावर आला की कठीण. म्हणून तर त्याचे चिरे पाडता येतात. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या माणसाने मलबारात लोक या दगडाच्या विटा कापताना पाहिलं आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांतलं हे नाव आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेलं आहे.

तर उलुरू. सपाटीवर ३४८ मीटर उंच, आणि भोवती फिरायचं म्हटलं तर साडेदहा किलोमीटरची वाट. जवळ गेलो तर खडकावर मुंग्यांची रांग दिसावी तशी माणसं चढत होती. वर चढायला साखळी बसवलेली. पायथ्याशी एक फलक होता. तिथल्या मूळ रहिवाशांनी, आनंगू लोकांनी, लिहिलं होतं की ही आमची पवित्र जागा आहे, आमच्या धर्मात इथे चढत नाहीत, तुम्हीही चढू नका अशी विनंती आहे. विनंतीच, बंदी नव्हती. बंदी त्याच वर्षी २६ ऑक्टोबरपासून लागू होणार होती, म्हणून तर गर्दी उसळली होती. बंद होण्याआधी एकदा चढून घेऊ, हा हिशेब. १९८५ साली त्याच तारखेला सरकारने ही जमीन आनंगूंना परत केली होती. त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी पुन्हा सरकारला भाड्याने दिली, ९९ वर्षांसाठी, आणि कारभार दोघांनी मिळून चालवायचा असं ठरलं. तरी चढाई थांबायला पुढे चौतीस वर्षं लागली.

माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला चढायचं होतं. आणि लपवत नाही, मलाही मनातून वाटत होतं की एवढं लांब आलो आहोत तर चार पावलं तरी वर जाऊ. तेव्हा मंडळी म्हणाल्या, ''दुसऱ्याच्या देवळाच्या कळसार चडान कोण फोटो काढता काय?'' संपला विषय. आम्ही खालूनच फिरलो. वाटेत काही ठिकाणी पाट्या होत्या की इथे छायाचित्र घेऊ नका, या जागेची गोष्ट फक्त बायकांनी ऐकायची आहे, किंवा फक्त पुरुषांनी. खडकाच्या एकेका भेगेला, एकेका डागाला तिथे गोष्ट आहे, आणि ती गोष्ट सांगायचा अधिकार कोणाला, हेही ठरलेलं आहे.

या सगळ्यात माझ्यातल्या पोस्टमास्तराचे कान टवकारले ते एका वेगळ्याच माहितीने. उलुरूहून लोक आठवण म्हणून दगडाचा तुकडा, मूठभर लाल माती खिशात घालून नेतात. आणि त्यातले कितीतरी जण काही महिन्यांनी, काही वर्षांनी तो दगड टपालाने परत पाठवतात. जगाच्या कानाकोपऱ्यातून. सोबत चिठ्ठी असते की चूक झाली, क्षमा करा, हा जिथला तिथे ठेवा. कोणाला वाटतं दगड नेल्यापासून घरात आजारपण आलं, कोणाला नुसतंच बरं वाटत नाही. त्या दगडांना तिथे नावच पडलं आहे, 'सॉरी रॉक्स'. दगडाचं पार्सल म्हणजे वजनाला किती पडेल, याचा हिशेब मी मनात करायला लागलो. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही. पण त्या रात्री हॉटेलात झोप आली नाही. हिशेब करता करता मला आमच्या बेड्याजवळचा दगड आठवला होता.

ही गोष्ट १९७८ सालची. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता, सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. मला पोस्टात लागून तीन वर्षं झाली होती आणि मातीच्या भिंतींचं जुनं घर पाडून चिरेबंदी घर बांधायचं ठरलं. आमच्या घराण्याची सड्यावर सामाईक जमीन आहे. चिरे तिथूनच पाडायचे, म्हणजे दगडाचे पैसे वाचतात. तेव्हा यंत्रं नव्हती, टिकावाने चिरे तासायचे. वरचा टणक थर आधी फोडून बाजूला काढावा लागतो, त्याचा घराला उपयोग नसतो, तो गडग्याला लावतात. एके दिवशी सकाळी कामाचा माणूस घरी आला आणि म्हणाला, ''थंय कायतरी कोरलेला दिसता. काय करूचा?''

वडील आणि मी गेलो. कातळावर रेघा होत्या. दोन रेघा लांबून येऊन एकमेकींजवळ येत होत्या आणि पुन्हा फाकत होत्या, माशाच्या शेपटीसारख्या. आणखी काही आकार होते, ते आता आठवत नाहीत. वडील म्हणाले, ''पांडवांचा असतला कायतरी. एका रातीत काडल्यानी ते.'' आमच्याकडे कोणाला न कळणारं जे काही असेल ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं. मग ते माझ्याकडे बघायला लागले, कारण पैसे माझे होते. ती जागा रस्त्याच्या कडेला होती. तिथून चिरे गाडीत भरणं सोपं. जरा आत सरकायचं म्हटलं तर डोक्यावरून वाहतूक, आणि प्रत्येक खेपेची मजुरी. मी म्हटलं, ''फोड.''

एवढंच. कोणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. वरचा थर फोडला, त्याचे तुकडे गडग्याला लागले. त्यातला एक मोठा तुकडा बेड्याच्या उजव्या हाताला आहे. त्याच्यावर ती शेपटीची जागा, बोटभर रुंद रेघ, अजून स्पष्ट दिसते. पावसात तिच्यात पाणी साचतं. चाळीस वर्षं आम्ही त्या दगडावर पाय टेकवून चपलेचे पट्टे लावले.

परत आल्यावर या विषयावर जे मिळेल ते मी वाचायला लागलो. तेव्हा कळलं की अशा रेघांना कातळशिल्पं म्हणतात, आणि ज्यांना दृष्टी होती ते लोक तोवर बरंच काम करून बसले होते. आमच्याच मालवण तालुक्यात सतीश लळीत यांनी २००१ साली हिवाळे गावातली आणि २०१२ साली कुडोपीची कातळशिल्पं उजेडात आणली होती. तिकडे रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायांखाली घातले. गुराख्यांना विचारत, म्हाताऱ्यांशी बोलत त्यांनी हजाराहून जास्त आकृत्या शोधून काढल्या. त्यांत हत्ती आहेत, वाघ आहेत, शार्क आहेत, आणि गेंडासुद्धा आहे. कोकणात गेंडा कोणाच्या पणजोबानेही पाहिलेला नाही. म्हणजे ज्याने तो कोरला त्याच्या वेळचं कोकण वेगळंच काही असणार. शेतीचं चित्र मात्र त्यांत दिसत नाही. यावरून अभ्यासक म्हणतात की ही माणसं शिकार करून, कंद-फळं गोळा करून आणि मासे धरून जगणारी असावीत. वय किती, यावर अंदाज बदलतात. कोणी दहा-बारा हजार वर्षं म्हणतो, कोणी काही आकृत्या दोन हजार वर्षांपर्यंत अलीकडे आणतो. दगडावरच्या रेघेचं वय काढणं कठीण असतं, तिच्यात कोळसा नाही, हाड नाही. कणकवली तालुक्यात कोळोशी गावच्या गुहेत उत्खनन झालं, तिथे दगडी हत्यारं सापडली आहेत, तेव्हा माणूस इथे फार पूर्वीपासून वावरत होता एवढं नक्की. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, गोव्यातली एक, आणि सिंधुदुर्गातली एकच, ती कुडोपी.

म्हणजे माझ्या घरापासून सकाळी निघून न्याहारीला परत येता येईल इतक्या अंतरावर ही जागा होती, आणि मी उलुरू पाहून आलो तरी कुडोपी पाहिलं नव्हतं. मग करोना आला. अखेर २०२३च्या जानेवारीत, नातवाला सुटी होती तेव्हा आम्ही गेलो. तो आता तेरा वर्षांचा, उंचीने माझ्याएवढा, मराठी समजतं पण बोलताना अडखळतो.

कुडोपीच्या त्या माळाला गावकरी 'बाहुल्यांचे टेंब' म्हणतात. टेंब म्हणजे उंचवटा. हे नाव कातळशिल्पांचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. तेव्हा शोध लागला म्हणजे काय झालं, हा एक प्रश्नच आहे. गावाला बाहुल्या ठाऊक होत्याच, त्या बाहुल्यांना किंमत आहे हे बाहेरच्यांना ठाऊक झालं. वाट दाखवायला गावातला एक वयस्कर माणूस बरोबर आला. वर पोचल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, ''पावण्यांनू, व्हाणां हंयच काढा.'' नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्याने बूट काढून हातात घेतले.

आणि समोर काहीच नव्हतं. खरंच काही नाही. सकाळचे सात वाजून गेले होते, सूर्य डोंगराआडून पुरता वर आला नव्हता, पसरलेला कातळ आणि त्यावरचं सुकलेलं गवत. मला शरमल्यासारखं झालं, पोराला एवढ्या पहाटे उठवून आणलं म्हणून. तो माणूस म्हणाला, ''वायच थांबा. ऊन तिरक्या येव दे.'' बरोबर आणलेल्या हिराच्या वाडवणीने तो एका जागेवरची माती झाडायला लागला. पाच मिनिटं झाली असतील. ऊन कातळाला घासून आलं आणि एकेका रेघेत सावली भरली. आधी एक गोल दिसला. मग खांदे. मग लक्षात आलं की आपण एका मोठ्या माणसाकृतीच्या पायाशी उभे आहोत, आणि ती आपल्याहून मोठी आहे. तिला मातृदेवता मानतात. एकदा डोळा बसल्यावर इकडे, तिकडे, पायाजवळ, पाठीमागे, सगळीकडे आकृत्या उमटायला लागल्या. पन्नासहून जास्त आहेत तिथे. काही ओळखता येतात, काही नुसती नक्षी, चौकटी, वळणं. नातू जिथे उभा होता तिथून हलेना. आपला पाय कशावर पडेल याची त्याला भीती वाटायला लागली होती.

जायचं असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. डोक्यावर सूर्य असताना गेलात तर तापलेला कातळ तेवढा बघून परत याल. फोटोत रेघ ठळक यावी म्हणून खडू किंवा चुना अजिबात भरू नका. पाणी न्या, प्यायला. आणि गावातल्या कोणाला तरी बरोबर घ्या, त्याचे पैसे त्याला द्या. पावसाळ्यात शिल्पं शेवाळाखाली जातात, पण तेव्हा सडाच पाहण्यासारखा असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, मग गेंद, सीतेची आसवं, किडे पकडून खाणारा दवबिंदू. इथे मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, त्यावर हे सगळं दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळं होतं. आणि पाऊस पडतो तो या सच्छिद्र कातळात मुरतो, पायथ्याच्या वाडीतले झरे आणि विहिरी त्याच्यावर चालतात. हे मात्र आमच्या आज्यांना माहीत होतं.

परत निघताना नातवाने विचारलं, ''आजोबा, इथले आनंगू कुठे आहेत?''

मला आधी समजलं नाही. त्याला विचारायचं होतं की उलुरूला प्रत्येक खुणेची गोष्ट सांगणारी माणसं होती, मग इथली माणसं कुठे, या बाईची गोष्ट काय? मी त्या वयस्कर माणसाला विचारलं. तो म्हणाला, ''गोष्ट म्हायत नाय. आमी ह्येंका बावल्येच म्हणताव.'' थोडं थांबून म्हणाला, ''पण आमी हंय चपला घालून चलणव नाय.'' ही रीत कोणी घालून दिली, ते त्यालाही माहीत नव्हतं. ज्यांनी कोरलं ते कोण, कोणती भाषा बोलत होते, त्यांचं पुढे काय झालं, की त्यांचंच रक्त आमच्यात आहे, यांतलं काहीच मला नातवाला सांगता आलं नाही. गोष्ट गळून गेली आहे आणि अनवाणी चालणं तेवढं राहिलं आहे.

घरी आलो तेव्हा मी त्याला बेड्याजवळचा दगड दाखवला, आणि तो तिथे कसा आला तेही सांगितलं. वाटलं होतं, पोरगा काहीतरी बोलेल. तो बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, ''परत ठेवून येऊ या?''

संध्याकाळी आम्ही सड्यावर गेलो. जिथून तो तुकडा निघाला तिथे आता खाण आहे. घरापुरते चिरे काढून आम्ही थांबलो नव्हतो. नंतर भावकीतल्या आणखी दोन घरांना काढले, पुढे यंत्रं आली तेव्हा विकलेही. दीड-दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा, उभ्या तासलेल्या भिंती, तळाला हिरवं पाणी. पावसाळ्यात तो भरतो आणि मुलं पोहायला जातात म्हणून आम्ही आरडाओरडा करतो. दगड परत ठेवायचा तर कुठे ठेवणार? उलुरूला निदान पत्ता तरी आहे.

पण ऊन तिरपं झालं होतं, आणि पोराचा डोळा सकाळीच बसलेला होता. खाणीपासून शंभरेक पावलं आत तो वाकून उभा राहिला आणि त्याने हाक मारली. तिथे रेघ होती. आम्ही गवत बाजूला केलं, हाताने माती झाडली. एक मासा निघाला, हातभर लांबीचा, शेपटीसकट. बाजूला एक गोल, अर्धवट झिजलेला. बस, एवढंच. युनेस्कोच्या यादीत जावं असं त्यात काही नाही. मी फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि या विषयातल्या जाणकारांना सगळं लिहून पाठवलं. रजिस्टर्ड पोस्टाने, हे सांगायला नकोच.

आता खरी अडचण सांगतो. गेल्या वर्षी एक खाणवाला आला. माणूस सरळ आहे, रीतसर परवाना काढून, सरकारचं स्वामित्वधन भरून काम करणारा. त्याला आमचा उरलेला तुकडा हवा आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यांतली सात मुंबईत, एक बडोद्याला. सगळ्यांच्या सह्या लागतात. दहा तयार आहेत, अकरावा मी. आणि तयार आहेत ते कोणी लोभी नाहीत. एका चुलत वहिनीच्या डायलिसिसचा खर्च चालू आहे. एका पुतण्याच्या मुलाला पुण्याला शिकायला पाठवायचं आहे, त्याच्या वाट्याला येईल त्यात पहिल्या वर्षाची फी भागेल. जमिनीतून आजवर एक दमडी आलेली नाही, गवतसुद्धा आता कोणी कापत नाही. त्यांना मी काय सांगणार? की एका माशासाठी थांबा? मी स्वतः चिऱ्याच्या घरात बसून हे बोलतो आहे, आणि माझ्या घराच्या चिऱ्यांसाठी काय फोडलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पुतण्याने ते मला सुनावलंही, फार सभ्यपणे.

मधला मार्ग म्हणून मी सुचवलं की माशाभोवतीची गुंठाभर जागा सोडून बाकीची द्यावी. खाणवाला हसला. म्हणाला, मास्तर, चारी बाजूंनी खाली गेलं की मधला खांब किती पावसाळे टिकेल? त्याचं बरोबर आहे. शिवाय खाली उतरणारं पाणी त्या खांबाने थोडंच जिरणार आहे! आमच्या वाडीची विहीर त्याच उताराला आहे, आणि पहिली खाण झाल्यापासून ती एप्रिलात तळ दाखवते. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मात्र गावात राहणारे दोघे जण जरा गप्प झाले. रत्नागिरीकडे उक्षीला हत्तीच्या शिल्पाभोवती जांभ्याचाच कठडा बांधला आहे, लोक बघायला जातात, तेही सांगितलं. त्यावर बडोद्याचा भाऊ म्हणाला, त्यांच्याकडे हत्ती आहे, आपल्याकडे बांगडा. सगळे हसले, मीही हसलो. वहिनीसाठी मी माझ्या पेन्शनीतून काही देतो आहे, ते पुरेसं नाही हे मला कळतं.

परवा पुतण्याचा मुंबईहून फोन आला. ''काका, काय ठरला? तो माणूस थांबलोहा.'' मी म्हटलं, ''चवथीक येतलास मा? पोरांकाय घेवन ये. आदी सकाळी सड्यार जावन येवया, मग बसान बोलूया.'' तो म्हणाला, पावसात काय दिसणार आहे तिथे. मी म्हटलं, दीपकाडी तोवर संपलेली असेल, पण गेंद असतील. आणि मासा शेवाळाखाली असला तरी मला जागा माहीत आहे, वाडवण मी घेऊन येईन.